नको त्या फाइल्स उडवणारी स्क्रिप्ट: पुसणं सोपं, निवडणं अवघड

डिस्क भरली की बहुतेक जण एकच करतात. डाउनलोडचं फोल्डर उघडायचं, दोन-चार मोठ्या फाइल्स शोधायच्या, त्या उडवायच्या आणि पुन्हा डिस्क भरेपर्यंत विसरून जायचं. स्वतःच्या लॅपटॉपवर हे चालून जातं. पण जिथे रोज लॉग (प्रोग्रामच्या कामाच्या नोंदी) साचतात, रात्री बॅकअप होतो आणि कुठला ना कुठला प्रोग्राम तासातासाला तात्पुरत्या फाइल्स टाकून जातो, तिथे हाताने सफाई करायची म्हटलं की ती कधी ना कधी राहणारच. हे काम शेल स्क्रिप्टकडे सोपवता येतं.

शेल म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेली कमांड वाचून ती चालवणारा प्रोग्राम. लिनक्सवर तो बहुधा बॅश असतो, मॅकवर आता झेडशेल. ज्या कमांड आपण हाताने एकामागून एक दिल्या असत्या त्याच एका फाइलमध्ये ओळीने लिहिल्या की स्क्रिप्ट तयार. (कमांड टाइप रोमन लिपीतच करायच्या असतात. इथे त्यांचे उच्चार लिहिले आहेत.)

फाइल पुसणारी कमांड दोन अक्षरांची आहे, आरएम. ती फाइल रिसायकल बिनमध्ये टाकत नाही, आणि सोबत एफ हा पर्याय दिला तर काही विचारतही नाही. म्हणजे पुसण्याचा भाग सोडवून ठेवलेलाच आहे. उरतं ते नेमकं काय पुसायचं हे ठरवणं, आणि सफाईच्या स्क्रिप्टमधली जवळपास सगळी डोकेदुखी तिथेच असते. माझ्या मते अशा स्क्रिप्टची एकच कसोटी आहे: काही गडबड झाली तर तिने जास्त पुसण्याऐवजी काहीच न पुसता थांबायला हवं. खालचं सगळं याच कसोटीभोवती फिरतं.

आधी जागा कोणी खाल्ली ते बघा. डीयू ही कमांड प्रत्येक फोल्डरने किती जागा व्यापली ते सांगते आणि तिचं उत्तर सॉर्टकडे पाठवलं की सगळ्यात मोठं फोल्डर शेवटी येतं. पुष्कळदा इथेच कळतं की स्क्रिप्टची गरजच नाही. उबंटू किंवा डेबियनवर डाउनलोड होऊन पडलेली पॅकेजेस असतील तर ती बसवणाऱ्या ॲप्टला स्वतःची क्लीन कमांड आहे. सिस्टमडीचे (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे) लॉग फुगले असतील तर जर्नलसीटीएलला 'अमुक दिवसांपूर्वीचे काढ' किंवा 'एकूण एवढेच ठेव' असं सांगता येतं. प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणाऱ्या डॉकरला प्रून आहे. ज्या प्रोग्रामने पसारा मांडला त्याच्याकडे तो आवरायची कमांड असेल तर तीच वापरावी. त्याच्या फोल्डरमध्ये आरएम घेऊन शिरू नये, कारण कुठली फाइल कुठल्या नोंदीला बांधलेली आहे ते फक्त त्यालाच ठाऊक असतं.

फाइंड कशी विचार करते

उरलेल्या पसाऱ्यासाठी खरी कामाची कमांड म्हणजे फाइंड. तिला एक फोल्डर आणि मग अटी द्यायच्या: टाइप एफ म्हणजे फक्त फाइल्स, नेम म्हणजे नावाचा नमुना, साइझ म्हणजे आकार, एमटाइम म्हणजे शेवटचा बदल किती दिवसांपूर्वी झाला ते. या अटी एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांसारख्या आहेत. वरच्या चाळणीतून जे पडेल तेवढंच खालच्या चाळणीत जातं, आणि तळाशी 'डिलीट' हे शेवटचं काम.

यात क्रमाला किती महत्त्व आहे ते बघा. 'डिलीट' चुकून सगळ्यात आधी लिहिलं, तर फाइंड समोर आलेली प्रत्येक वस्तू आधी पुसते आणि नंतर तिचं नाव, वय, आकार तपासायला जाते. कमांड व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बरोबर असते, त्यामुळे कुठलीही चूक दाखवली जात नाही. फाइंडच्या मॅन्युअलमध्येच याबद्दल इशारा दिलेला आहे. म्हणून सवय अशी लावून घ्यावी की आधी 'डिलीट'च्या जागी 'प्रिंट' लिहायचं, यादी डोळ्यांखालून घालायची आणि मगच तो शेवटचा एक शब्द बदलायचा.

आणखी दोन पर्याय मी कायम लावतो. एक्सडेव्ह लावला की फाइंड त्याच डिस्कच्या हद्दीत राहते, त्या फोल्डरमध्ये कोणी बाहेरची डिस्क किंवा नेटवर्क ड्राइव्ह जोडली असेल तर तिच्यात शिरत नाही. आणि रिकामी फोल्डर्स काढताना मिनडेप्थ १. नाहीतर आतलं सगळं गेल्यावर मूळ फोल्डरही रिकामं ठरतं आणि फाइंड तेही उचलते. मग दुसऱ्या दिवशी तिथे फाइल लिहायला आलेला प्रोग्राम बंद पडतो.

फाइलचं वय

'तीस दिवसांपेक्षा जुन्या फाइल्स काढ' हे वाक्य ऐकायला सरळ वाटतं. त्यात दोन गोम आहेत.

पहिली गणिताची. एमटाइम अधिक ३० असं लिहिलं की फाइंड फाइलचं वय चोवीस तासांच्या पूर्ण तुकड्यांत मोजते आणि उरलेले तास सोडून देते. तीस दिवस आणि तेवीस तास झालेली फाइल तिच्या हिशेबाने तीसच दिवसांची. 'अधिक' म्हणजे तीसपेक्षा जास्त, म्हणजे प्रत्यक्षात एकतीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय फाइल हातात येत नाही. सफाईच्या बाबतीत एका दिवसाने काही बिघडत नाही, पण 'स्क्रिप्ट चालली, तरी कालची फाइल तशीच कशी' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. तासांच्या हिशेबात काम असेल तर मिनिटं मोजणारा एममिन वापरावा.

दुसरी गोम मात्र खरंच महागात पडू शकते. एमटाइम सांगतो तो फाइलचा मजकूर शेवटचा कधी बदलला ती वेळ. फाइल या डिस्कवर कधी आली ते तो सांगत नाही. झिप किंवा टार (एकत्र बांधलेला संच) उघडलं की आतल्या फाइल्स आपापल्या जुन्या तारखा घेऊनच बाहेर येतात. फाइल्सची नक्कल करणारं आरसिंक 'ए' पर्यायाने चालवलं तर तेही जुन्या तारखा जपतं. इंटरनेटवरून फाइल आणणाऱ्या डब्ल्यूगेटने उतरवलेल्या फाइलला, सर्व्हरने कळवली असेल तर, सर्व्हरवरचीच तारीख लागते. म्हणजे तुम्ही आज दुपारी एक संच उतरवून उघडला, त्यातल्या फाइल्स तीन वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि रात्री सफाईची स्क्रिप्ट आली. तिच्या लेखी त्या तीन वर्षं पडून होत्या.

यावर उपाय सीटाइम. हा आकडा फाइलची नोंद शेवटची कधी बदलली ते दाखवतो. फाइल तयार झाली, हलवली, नाव बदललं, परवानग्या बदलल्या, की तो पुढे सरकतो. आणि एमटाइमसारखा तो साध्या कमांडने मागे नेता येत नाही. आज उघडलेल्या झिपमधल्या फाइलचा सीटाइम आजचाच असतो. त्याचा तोटा असा की कोणी सगळ्या फोल्डरच्या परवानग्या एकदम बदलल्या तर सगळ्याच फाइल्स नव्या दिसू लागतात आणि सफाई महिनाभर लांबते. मला हा तोटा चालतो. चूक झालीच तर जागा थोडी उशिरा मोकळी होते, कोणाची फाइल जात नाही.

एटाइम, म्हणजे फाइल शेवटची कधी वाचली ती वेळ, मोहात पाडते: 'वर्षभर कोणी उघडलीच नाही ती काढून टाकू.' पण दर वाचनाला डिस्कवर नोंद करायची म्हणजे काम वाढतं, म्हणून लिनक्सवर २००९ पासून ही नोंद मुळातच काटकसरीने होते. एकदा नोंद झाली की साधारण चोवीस तासांत पुन्हा वाचलं तरी ती बदलत नाही. काही ठिकाणी तर ती पूर्ण बंद केलेली असते. शिवाय व्हायरस तपासणारा किंवा बॅकअप घेणारा प्रोग्राम फाइल वाचून गेला की तेही 'वाचन'च. एटाइमवर विसंबून काही पुसू नये.

रिकामं व्हेरिएबल, एक जादा स्पेस

जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग प्रोग्रामबद्दल एक तक्रार नोंदवली गेली. वापरणाऱ्याने स्टीमचं फोल्डर दुसरीकडे हलवलं होतं. त्यानंतर प्रोग्राम सुरू केला आणि त्या माणसाच्या स्वतःच्या सगळ्या फाइल्स गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: स्टीमरूट या व्हेरिएबलमधला (किंमत साठवणाऱ्या नावातला) पत्ता, पुढे तिरकी रेघ, पुढे तारांकन, आणि हे सगळं पूस. फोल्डर जागेवर नसल्यामुळे स्टीमरूट रिकामं राहिलं. मग उरलं काय? तिरकी रेघ आणि तारांकन. म्हणजे डिस्कच्या मुळापासून सगळं. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने टीपही टाकली होती: 'स्केअरी!' भीती वाटली होती, पण तपासणी लिहायची राहिली.

या प्रकरणात शिकण्यासारखं बरंच आहे. पहिलं म्हणजे व्हेरिएबल व्यवस्थित कोटमध्ये होतं. कोटमुळे रिकामेपणा भरून निघत नाही. दुसरं, 'सेट यू' लिहिलं की न ठरवलेलं व्हेरिएबल वापरताच स्क्रिप्ट थांबते असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण स्टीमरूट ठरवलेलं होतं, फक्त त्याची किंमत रिकामी होती. 'सेट यू' रिकाम्या किमतीला अडवत नाही. त्यासाठी व्हेरिएबलच्या नावाला महिरपी कंसात घालून पुढे विसर्गासारखं दिसणारं कोलन आणि प्रश्नचिन्ह जोडायचं. मग ते नसेल किंवा रिकामं असेल, दोन्ही वेळा स्क्रिप्ट तिथेच थांबते. दोन चिन्हं टाइप करायचा काय तो कंटाळा.

तिसरं, आजचं आरएम फक्त मुळावर, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेवर चालवायला गेलात तर नकार देतं. पण पुढे तारांकन असलं तर हा नकार मिळत नाही, कारण तारांकन आरएमपर्यंत पोहोचतच नाही. त्याआधीच शेल त्याचा विस्तार करून मुळाखालच्या एकेका फोल्डरचं नाव आरएमच्या हातात देतो. आरएमला वाटतं, माणसाने ही नावं विचार करून दिली आहेत.

२०११ मध्ये बम्बलबी या लॅपटॉपच्या ग्राफिक्ससाठीच्या प्रोग्रामात याहून साधी गोष्ट घडली. 'यूएसआर'च्या आतलं एक लांबलचक फोल्डर पुसायचं होतं. 'यूएसआर'नंतर एक स्पेस जास्त पडली. एका पत्त्याचे दोन झाले आणि पहिला पत्ता होता अख्खं 'यूएसआर', ज्यात जवळपास सगळे प्रोग्राम राहतात.

स्पेसचा हाच घोळ उलट बाजूनेही होतो. समजा फाइलचं नाव 'जुना अहवाल' आहे आणि स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल कोटमध्ये घातलेलं नाही. शेल त्याचे दोन शब्द करतो, आरएमला 'जुना' आणि 'अहवाल' अशा दोन वेगळ्या वस्तू मिळतात. हवी ती फाइल जागेवरच राहते, आणि शेजारी 'अहवाल' नावाची दुसरी फाइल असली तर ती जाते. युनिक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढी दोनच वर्ज्य आहेत. स्पेस, नवी ओळ, अवतरणचिन्ह, सुरुवातीला उणे चिन्ह, काहीही चालतं. म्हणून फाइल्सची यादी देणाऱ्या एलएसचं उत्तर घेऊन त्यावर लूप फिरवू नये. फाइंडचं स्वतःचं 'डिलीट' वापरावं, आणि नावं दुसऱ्या कमांडला द्यायचीच असतील तर शून्य बाइटने वेगळी करून द्यावी. फाइंडमध्ये प्रिंट-शून्य आणि ती नावं पुढच्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्जमध्ये उणे शून्य ही जोडी त्यासाठीच आहे.

फोल्डर बदलणाऱ्या सीडीचा सापळाही याच जातीचा. पहिल्या ओळीत 'त्या फोल्डरमध्ये जा', दुसऱ्या ओळीत 'इथलं सगळं पूस'. फोल्डरच नसेल तर पहिली ओळ फसते, शेल कुरकुर करतो आणि निवांतपणे दुसरी ओळ चालवतो, जिथे उभा आहे तिथे. स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चालली असेल तर उभं राहण्याची जागा म्हणजे तुमचं होम फोल्डर. सीडीनंतर 'नाही जमलं तर बाहेर पड' एवढं लिहिलं तरी पुरे. सीडी टाळून फाइंडला पूर्ण पत्ता दिला तर आणखी बरं.

लगेच न पुसता बाजूला ठेवणं

शंका असेल तिथे दोन टप्प्यांत काम करावं. आधी फाइल्स एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायच्या आणि आठवडाभर कोणी ओरडलं नाही तर पुसायच्या. पद्धत चांगलीच आहे, पण लिहिताना फाइल हलवणाऱ्या एमव्हीचे स्वभाव माहीत हवेत. हलवल्यावर एमटाइम बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात एमटाइम लावला तर आज आलेली फाइल आजच जाईल. मुक्कामाचे सात दिवस मोजायला सगळ्यात सरळ उपाय म्हणजे रोजच्या तारखेचं फोल्डर करून त्यात फाइल्स टाकणं आणि फोल्डरच्या नावावरून वय काढणं. दुसरं, वेगवेगळ्या फोल्डरमधल्या एकाच नावाच्या दोन फाइल्स एकत्र आल्या तर एमव्ही स्क्रिप्टमध्ये न विचारता पहिलीवर दुसरी चढवतं. त्याला क्रमांक लावून जुनी प्रत राखायला सांगता येतं. आणि तिसरं, त्याच डिस्कवर हलवल्याने एक बाइटही मोकळा होत नाही. जागा हवी असेल तर दुसऱ्या टप्प्याची वाट बघावी लागते.

बॅकअपच्या बाबतीत मात्र नुसत्या वयाचा नियम मला अजिबात पसंत नाही. रोज रात्री एक बॅकअप होतो आणि स्क्रिप्ट तीस दिवसांपेक्षा जुने काढते, अशी व्यवस्था आहे. एक दिवस पासवर्डची मुदत संपते आणि बॅकअप बंद पडतो. कोणाच्या लक्षात येत नाही. सफाई मात्र इमानेइतबारे चालू राहते, रोज एक जुना बॅकअप काढते, आणि महिन्याभराने फोल्डर रिकामं होतं. स्क्रिप्टने नियम तंतोतंत पाळला. इथे नियम संख्येचा हवा: ताज्या अमुक इतक्या प्रती कितीही जुन्या असल्या तरी राहतील. त्यावर आणखी एक अट, की आजची प्रत आहे आणि तिचा आकार शून्य नाही हे दिसल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही.

लॉगसाठी स्वतः काही लिहू नये. लॉगरोटेट जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं, आणि जुने लॉग दाबून ठेवणं, संख्या मोजणं, प्रोग्रामला नवी फाइल उघडायला सांगणं हे सगळं ते करतं. तात्पुरत्या फाइल्ससाठी सिस्टमडीचं टेम्पफाइल्स आहे. वितरणाने बदललं नसेल तर 'टीएमपी'मधलं दहा दिवसांनी आणि 'व्हीएआर'खालच्या 'टीएमपी'मधलं तीस दिवसांनी काढायचं ही त्याची मूळची मुदत.

क्रॉनवर सोपवताना

स्क्रिप्ट हाताने नीट चालली की ती क्रॉनकडे द्यायची. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत पाच खाने असतात: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. तारीख आणि वार दोन्ही भरले तर दोन्ही जुळायची वाट बघितली जात नाही, कुठलंही एक जुळलं की काम सुरू. 'एक तारखेला सोमवार असेल तरच' असं समजून लिहिलेली ओळ दर सोमवारी आणि दर एक तारखेला चालते.

'हाताने चालते, क्रॉनमध्ये नाही' या तक्रारीमागे बहुधा पाथ असतो. क्रॉनला तुमच्या टर्मिनलची सजावट मिळत नाही, कमांड शोधायची मोजकीच ठिकाणं त्याला माहीत असतात. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाथ स्वतः लिहून टाकावा. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्केचिन्ह आलं तर क्रॉन त्याला नवी ओळ समजतो, म्हणून तारीख काढण्याची कमांड तिथे न लिहिता स्क्रिप्टच्या आत लिहावी. मागची फेरी संपायच्या आत पुढची सुरू होऊ नये यासाठी एफलॉक आहे. आणि क्रॉनटॅब बदलायचा पर्याय 'ई', तर न विचारता सगळा पुसायचा पर्याय 'आर'. कीबोर्डवर दोन्ही शेजारी शेजारी. मजकुराची एक प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी हे त्यावरचं शहाणपण.

रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला वापरकर्ता, म्हणून चालवायचा मोह टाळावा. ज्या फोल्डरची सफाई आहे तेवढ्यापुरतेच हक्क असलेला वेगळा वापरकर्ता बनवला तर वरच्या चुकांचा आवाका आपोआप आटोपतो. एवढं लक्षात ठेवावं की युनिक्समध्ये फाइल पुसायचा हक्क फाइलवर नव्हे, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर ठरतो. फाइल 'फक्त वाचा' करून ठेवली म्हणून ती बचावत नाही.

प्रत्येक फेरीत काय काढलं ते एका लॉगमध्ये लिहावं. 'प्रिंट' आणि त्यापुढे 'डिलीट' असं दोन्ही दिलं की पुसण्याआधी नाव छापलं जातं. हा लॉग ज्या फोल्डरची सफाई चालू आहे त्यातच ठेवू नये, हे सांगायची गरज नसावी.

कधी कधी स्क्रिप्ट बिनबोभाट चालते, लॉगमध्ये मोठमोठ्या फाइल्सची नावं दिसतात, आणि डिस्कवर किती जागा उरली ते सांगणाऱ्या डीएफला विचारलं तर डिस्क तेवढीच भरलेली. डीयू म्हणतं जागा मोकळी आहे, डीएफ म्हणतं नाही. अशा वेळी पुसलेली फाइल कुठल्या तरी चालू प्रोग्रामने अजून उघडी धरलेली असते. नाव गेलं, पण तो प्रोग्राम ती सोडेपर्यंत जागा सुटत नाही. एलएसओएफला 'एल' आणि त्यापुढे १ असा पर्याय अधिक चिन्हाने दिला की अशा बिननावाच्या फाइल्स आणि त्या धरून बसलेले प्रोग्राम दिसतात. तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला की जागा लगेच सुटते. आणि डीएफ जागा दाखवतंय तरी 'डिस्कवर जागा नाही' असं येत असेल तर डीएफला 'आय' पर्याय देऊन आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी नोंदीची जागा) बघावेत. लाखो बारीक फाइल्स साचल्या की जागेआधी तेच संपतात, आणि तिथे शंभर मोठ्या फाइल्स पुसून काहीही फरक पडत नाही.